झोपेचं टाइमटेबल कसं बसवायचं: सबमिशन, पीएल (पेपरआधीची अभ्यासाची सुट्टी) आणि पेपर धरून

पेपर जवळ आले की कॉरिडॉरमध्ये एक प्रश्न हमखास येतो, मॅडम आदल्या रात्री किती तास झोपलं तर चालेल, चार चालतील का? माझं उत्तर ऐकून चेहरे पडतात. आदल्या एका रात्रीने मार्क फारसे हलत नाहीत, जे व्हायचं ते आधीच्या महिनाभरात होऊन गेलेलं असतं.

हे मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये (आपलं कोथरूडचं नव्हे) केमिस्ट्रीच्या एका क्लासमधल्या १०० मुलांच्या मनगटाला सेमिस्टरभर झोप मोजणारे फिटबिट पट्टे बांधून ठेवले होते, २०१९ मध्ये त्याचं छापून आलं. मुलामुलांच्या मार्कांत जो फरक होता त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा झोपेशी जुळत होता, म्हणजे किती झोपतात, किती शांत झोपतात आणि रोज त्याच सुमाराला झोपतात का याच्याशी. गंमत अशी की टेस्टच्या आदल्या रात्रीची झोप मार्कांशी जुळलीच नाही, महिनाभराची जुळली आणि आठवडाभराची जुळली. शिवाय रात्री दोनच्या पुढे आडवी होणारी मुलं नंतर तेवढेच तास भरून काढत होती तरी मागे पडत होती.

आता यावरून झोपा आणि मार्क घ्या असं कोणी समजू नये. वेळेवर झोपणारी मुलं बहुतेक वेळा अभ्यासही वेळेवर करणारी असतात, त्यामुळे कशामुळे काय झालं हे अशा आकड्यांतून सुटं करणं अवघड. पण २०२३ मध्ये तीन अमेरिकन विद्यापीठांतल्या फर्स्ट इयरच्या सहाशेहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, त्यात आधीचे मार्क हिशोबात धरूनसुद्धा तेच दिसलं, सेमिस्टरच्या सुरुवातीच्या भागात रात्रीची सरासरी झोप एक तास कमी तर शेवटी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ०.०७ ने कमी, चारपैकी. सहा तासांच्या खाली गेलं की घसरगुंडी जास्त. एवढंच ना, असं वाटेल, पण प्लेसमेंटचा कटऑफ दहापैकी ७ असतो आणि ६.९५ वाला पोरगा बाहेर बसलेला असतो तेव्हा त्याला विचारा एवढंच म्हणजे केवढं.

जागरणाने काय होतं ते ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर बसून बघायला मिळतं. ऑपरेटिंग सिस्टिमची ओरल, मुलाचं जर्नल टेबलावर, दहाच्या दहा प्रॅक्टिकल एकाच निळ्या पेनने लिहिलेली, तारखा जुलैपासूनच्या पण सहाव्या प्रॅक्टिकलनंतर अक्षर उजवीकडे उतरत गेलेलं, म्हणजे ते रात्री तीनच्या सुमाराचं. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, सोपंच विचारलं, डेडलॉक व्हायला कुठल्या चार कंडिशन लागतात? म्युच्युअल एक्स्क्लूजन, होल्ड अँड वेट, आणि पोरगा थांबला. सर येतंय, येतंय. राहिलेल्या दोन त्याच्याच अक्षरात त्याच पानावर होत्या, एक्स्टर्नलच्या कोपराखाली. नंतर टपरीवर चहा पिऊन आला आणि मित्राला घडाघडा सांगत होता, नो प्रीएम्प्शन, सर्क्युलर वेट. डोक्यात होतं सगळं, फक्त हवं तेव्हा सापडलं नाही.

हे का होतं ते थोडक्यात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि पहाटेकडे स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप वाढत जाते. दिवसभर जे वाचलं ते मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं पडलेलं असतं, गाढ झोपेत त्याची पुन्हा पुन्हा उजळणी होते आणि मग ते पक्कं बसतं, आपण घोरत असलो तरी. १९२४ मध्येच कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून घेतल्या होत्या, झोपून उठल्यावर जेवढं आठवलं तेवढं तितकेच तास जागं राहून आठवेना. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची बातमी आहे ही, आपल्यापर्यंत पोचायची आहे एवढंच.

आणि ज्यांचं म्हणणं असतं की मला सहा तास पुरतात, त्यांच्यासाठी २००३ चा एक प्रयोग. चांगल्या धडधाकट लोकांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं, शेवटी शेवटी लक्ष देण्याच्या टेस्टमध्ये त्यांची अवस्था एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसांच्या जवळ गेली. मला यातला पुढचा भाग जास्त भीतीदायक वाटतो, त्यांना स्वतःला विचारलं तर थोडीशी झोप येतेय, बाकी ठीक आहे असंच सांगत होते. म्हणजे आपलं किती बिघडलंय ते आपल्याला कळत नाही, त्यामुळे पुरतंय का नाही हे स्वतःला विचारण्यात अर्थ नाही. १८ ते २५ वयाला साधारण सात ते नऊ तास लागतात, त्यात अपवाद असतात पण तुमच्या वर्गात बसलेल्या ७० जणांपैकी प्रत्येकजण अपवाद नसतो.

आता करायचं काय.

आधी आठवडाभर काही बदलू नका, फक्त लिहा. वहीच्या मागच्या पानावर चार खाने, दिवा कधी घालवला, उठलो कधी, दुपारी किती लवंडलो, शेवटचा चहा किती वाजता. ॲप नको, ॲप टाकलं की दोन दिवस ग्राफ बघण्यातच जातात. आणि पलंगावर पडल्याची वेळ लिहू नका, मोबाईल ठेवल्याची लिहा, कारण साडेअकराला पडलो म्हणणाऱ्याचं व्हॉट्सॲपवर लास्ट सीन एक पन्नासचं असतं, त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. आठवडा झाला की बघा, सगळ्यात लवकर उठलेला दिवस आणि सगळ्यात उशिरा उठलेला दिवस यात किती तासांचं अंतर आहे. बहुतेकांचं चार-पाच तास निघतं, रविवार धरून. खरं दुखणं ते अंतर आहे.

मग उठायची वेळ ठरवा, झोपायची नंतर. झोप काही हुकमाने येत नाही पण उठणं अलार्म लावून जमतं, आणि रोज त्याच वेळेला उठलं की चार-सहा दिवसांत रात्री डोळे आपोआप मिटायला लागतात. वेळ कुठली धरायची? आठवड्यातलं सगळ्यात सकाळचं लेक्चर किंवा प्रॅक्टिकल बघा, त्याच्या दीड तास आधीची धरा आणि तीच सातही दिवस. रविवारी फार तर तासभर सवलत. बाराला उठायचं नाही, कितीही वाटलं तरी, कारण रविवारी बाराला उठलेला माणूस रात्री दोनपर्यंत टक्क जागा असतो आणि सोमवारी सकाळच्या लेक्चरला मान टाकतो, मी फळ्यावरून वळले की दिसतं.

सध्या दहाला उठत असाल तर उद्यापासून सहा असं करू नका. दर दोन-तीन दिवसांनी उठायची वेळ अर्धा तास लवकर आणा, आणि उठल्या उठल्या बाहेरचा उजेड डोळ्यांवर घ्या, गच्चीवर जा, चहाला चालत जा, बाल्कनीत ब्रश करा, वीस मिनिटं पुरे. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लवकरच्या बाजूला ओढलं जातं आणि रात्रीच्या झगझगीत ट्यूबलाइटने उशिराच्या बाजूला ढकललं जातं, त्यामुळे सकाळी पडदे बंद आणि रात्री लाइट फुल्ल हा जो हॉस्टेलचा रिवाज आहे तो अगदी उलटा आहे.

इथे पालकांना पण एक सांगते, कारण घरून येणाऱ्या मुलांचं हे रोजचं भांडण असतं. लवकर निजे लवकर उठे हे खरं, पण विशीच्या आसपास माणसाचं घड्याळ आयुष्यातलं सगळ्यात उशिराचं असतं, जर्मनीतल्या रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा गोळा करून २००४ मध्ये हे दाखवलं होतं, विशीनंतर ते हळूहळू लवकरच्या बाजूला सरकतं. तेव्हा पोराला रात्री दहाला झोप येत नाही हा निव्वळ माज नसतो. त्याला पहाटे चारला हलवून उठवायचं आणि तो झोपलेला असतो साडेबाराला, तर पहाटेची अख्खी आरईएम झोप कापली जाते आणि तो पुस्तक समोर धरून बसतो, वाचतो असं नाही. साडेअकरा-बारा ते सात-साडेसात हे या वयाला एकदम झकास आहे, त्यात आळस काही नाही.

मुंबईच्या मुलांचं गणित वेगळं, ते प्रामाणिकपणे मांडावं लागतं. बदलापूरहून किंवा विरारहून रोज दीड तास जायला दीड तास यायला, सातची लोकल पकडायची तर सव्वापाच-साडेपाचला उठणं आलं, म्हणजे साडेदहाला दिवा बंद. हे जमायचं तर रात्री जेवणानंतरचा अभ्यास ही कल्पनाच सोडून द्यावी लागते आणि कॉलेज सुटल्यावर दोन तास तिथेच लायब्ररीत बसून काम उरकून मग घरी निघावं, गर्दी पण थोडी टळते. विंडो सीट मिळाली तर गाडीत डुलकी घ्या, छान आहे, पण ती रात्रीच्या हिशोबात धरू नका.

हॉस्टेलवाल्यांनी रूममेटशी एकदाच नीट बोलून घ्या, सेमिस्टरच्या सुरुवातीला, भांडण झाल्यावर नाही. बारानंतर मोठी लाइट बंद, ज्याला वाचायचंय त्याने टेबल लॅम्प किंवा रीडिंग रूम, कॉलवर बोलायचं तर पॅसेजमध्ये. मेडिकलमध्ये कानात घालायचे बोळे मिळतात, फार महाग नसतात, डोळ्यांवर बांधायला एखादा रुमाल चालतो. एंडसेम मे महिन्यात असते तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात गरमीने झोप लागत नाही हे मान्य, तिथे झोपायच्या आधी अंघोळ, ओला पंचा, गच्चीवर मच्छरदाणी असले जुने उपायच कामाला येतात. मच्छर हा विषय कोणी गांभीर्याने घेत नाही, पण रात्रीतून आठ वेळा खाजवत उठणाऱ्याची झोप सात तास लिहिली तरी ती सात तासांची नसते.

चहाचं बघू. कॅफिन शरीरातून निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली असं एका प्रयोगात दिसलं होतं. कटिंगमध्ये त्याच्या कितीतरी कमी असतं, एका कटिंगने काही बिघडत नाही, पण टपरीवर कोणी एकावर थांबत नाही. एनर्जी ड्रिंकला आपल्याकडच्या नियमाने लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ पर्यंत, आणि रात्री अकराला दोन बाटल्या रिचवल्या तर पहाटे चारलाही त्यातलं निम्मं रक्तात फिरत असतं. साधा नियम ठेवा, संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद, फारच वाटलं तर लिंबू सरबत.

मोबाईलबद्दल तुम्हाला सगळं माहिती आहे, मी नवीन काय सांगणार. हात लांबवून मिळणार नाही अशा जागी चार्जिंगला लावा, अलार्म तिकडेच वाजू दे, उठावं तरी लागेल.

मेसमध्ये दुपारी भात झाला की झोप येतेच. वीस-पंचवीस मिनिटं पडा, अलार्म लावून, तीनच्या आत, उठल्यावर डोकं चांगलं चालतं. दोन तास ताणून दिली तर जडपणा येतो आणि रात्रीची झोप पुढे ढकलली जाते, मग तेच चक्र.

आता पीएल. माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क इथे जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पीएल लागली की लेक्चर नाही, अटेंडन्स नाही, मग दिवस घसरायला लागतो, पहिल्या दिवशी एकला झोप, चौथ्या दिवशी तीनला, दहाव्या दिवशी पहाटे पाचला झोपून दुपारी एकला उठणं, इथेच बसून नाइट शिफ्टच्या कॉल सेंटरसारखं. तास मोजले तर आठ भरतात, म्हणून मुलांना वाटतं आपण तर नीट झोपतोय. आणि पेपर असतो सकाळी दहाला. दुपारी एकला उठायची सवय लागलेल्या शरीराला दहा म्हणजे ऐन मध्यरात्र, त्या अवस्थेत पोरगं थर्मोडायनॅमिक्सचे न्यूमेरिकल सोडवत असतं. २०१७ मध्ये हार्वर्डच्या ६१ विद्यार्थ्यांची महिनाभर झोप मोजली होती, ज्यांच्या वेळा अनियमित होत्या त्यांचे ग्रेड कमी होते आणि त्यांच्या शरीराचं घड्याळ नियमितवाल्यांपेक्षा जवळजवळ तीन तास मागे चालत होतं, तेही एकूण तासांत फारसा फरक नसताना.

म्हणून हॉल तिकीट किंवा टाइमटेबल हातात आलं की पहिल्यांदा वेळ बघा. सकाळचा पेपर असेल तर पीएलच्या पहिल्या दिवसापासून सातला उठणं, आणि दहा ते एक या वेळेत सगळ्यात अवघड विषय, जुने पेपर घड्याळ लावून त्याच वेळेत सोडवा. दुपारचा स्लॉट असेल तर त्या वेळेची डुलकी पीएलमध्ये बंद, नाहीतर पेपरमध्ये बरोबर अडीचला जांभया सुरू होतात. नवीन युनिट सकाळी, रात्री जेवणानंतर फक्त उजळणी आणि डायग्राम काढून बघणं, मग झोप. रात्री वाचलेलं लगेच झोपेत पक्कं होतं असं म्हणून रात्री दोनपर्यंत वाचणारेही भेटतात मला, त्यांना सांगते की बाबा आधी झोपायला तरी जा.

मायकेल स्कलिन म्हणून बेलर विद्यापीठात प्राध्यापक आहेत, त्यांनी फायनलच्या आठवड्यात मुलांना बोनस मार्कांचं आमिष दाखवलं, रोज सरासरी आठ तास झोपा, मनगटावर मोजायचं यंत्र. मोजकीच मुलं होती, छोटा प्रयोग, पण ज्यांनी आठ तास पाळले त्यांचा पेपर बोनस न धरताही इतरांपेक्षा चांगला गेला. अभ्यासाला वेळ कमी मिळाला म्हणून मागे पडलं असं झालं नाही.

सबमिशनचा, म्हणजे जर्नल पूर्ण करून द्यायचा, आठवडा मात्र झोपेचा प्रश्नच नाही, लिहिण्याचा आहे. आठवड्याला एक प्रॅक्टिकल लिहून चेक करून घेतलं तर शेवटी दहा उरत नाहीत. हे दरवर्षी सांगते, दरवर्षी कोणी ऐकत नाही, असो.

बरं, एवढं सगळं वाचूनही उद्या पेपर आहे आणि दोन युनिट बाकी आहेत, अशी वेळ आलीच तर. रात्री एकला पुस्तक मिटायचं हे आठलाच ठरवा, आणि एकपर्यंत काय होऊ शकतं ते निवडा, ज्या युनिटवर ऑप्शन आहे ते सरळ सोडा. तीन वाजता उघडलेलं नवं युनिट आठवत तर नाहीच, वर आधीच्या आलेल्या गोष्टींत घोळ घालतं. एक ते सहा पाच तास मिळाले तर चालून जातं, एकच रात्र आहे. सकाळी उठून फक्त फॉर्म्युला आणि व्याख्या. अख्खी रात्र जागलात तर एक कराल, सेंटरला बाइक चालवत जाऊ नका. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं होतं, १९९७ मध्ये हे मोजलं गेलंय, आणि आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलीला ३० मिलिग्रॅम म्हणजे ०.०३. रात्रभर जागून सकाळी नऊला हायवेवर निघालेलं पोरगं त्याच्याही पुढे गेलेलं असतं. रिक्षा करा, बस घ्या, मित्राच्या मागे बसा, तो झोपलेला असेल तर.

कधी कधी टाइमटेबल पाळूनही झोप येतच नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री तासन्‌तास छताकडे बघणं, असं महिन्यांवर चाललंय, किंवा रूममेट सांगतो की तू घोरताना मध्येच श्वास थांबतो, किंवा झोप भरपूर होऊन दिवसभर मरगळ आणि कशातच मन लागत नाही, तर हा सवयीचा भाग राहिलेला नाही, डॉक्टरला दाखवा. मनावर ताण असेल आणि कोणाशी बोलावंसं वाटत असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, रात्रीही चालू असते. मित्राकडची झोपेची गोळी, ऑनलाइन मागवलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्या असले प्रयोग पेपरच्या तोंडावर तर अजिबात नको.

आणि पेपर देऊन आल्यावर, दुसऱ्या दिवशी परत पेपर असेल तर, जेवून अर्धा तासच पडा. चार तास झोपलात तर रात्री दोनपर्यंत जागे राहाल आणि दुसरा पेपर पहिल्यापेक्षा वाईट जाईल. शेवटचा पेपर झाला की झोपा की हवं तेवढं, फक्त रोज तास-दीड तास लवकर आडवं होऊन, सकाळची वेळ तीच ठेवून.